आवाजाचं माप: डायल-अप ते फायबर

गेल्या दिवाळीत मामांच्या घरी फायबर आलं. करवीर तालुक्यातलं ऊसवाल्यांचं गाव. दुपारी एक पोरगा शिडी घेऊन आला, भिंतीला भोक पाडून सुतळीएवढी काळी केबल आत घेतली, टीव्हीशेजारी पांढरा डबा ठोकला आणि हिरवा दिवा लागल्यावर सही घेऊन गेला. मामा खुर्चीत बसून सगळं बघत होते. पोरगा गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "दादाचा त्यो जुना किंचाळणारा डबा हुता बघ, त्याच्यापेक्षा ह्यो किती पट जोरात म्हणायचा?"

जुना डबा म्हणजे मामेभावाचा डायल-अप मोडेम. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे घरातल्या असल्या प्रश्नांचा मक्ता माझ्याकडे आहे. लगेच भागाकार केला. "तो ५६ केबीपीएस होता मामा. हे १०० एमबीपीएस. म्हणजे १,७८६ पट."

मामांनी क्षणभर विचार केला. "मग उसाचं बिल बी तेवढ्या पटीनं लवकर यील काय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री कोल्हापूरला परत येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. भागाकार बरोबर होता. पण ५६ हाच आकडा का? ५० का नाही, ६० का नाही? आणि तांब्याच्या तारेवरचं माप काचेच्या तारेवरच्या मापाशी जुळवायचं तर मधला दुवा कोणता? रोज नेटवर्कवर काम करूनही मला हे धड सांगता आलं नसतं. शोधत गेलो तेव्हा कळलं, की या मापांची गोष्ट संगणकाच्या आधी, माणसाच्या आवाजापासून सुरू होते. आणि तिचा शेवटचा धडा आपल्याच पन्हाळा तालुक्यात गिरवला गेलाय.

टन आणि क्विंटल

आधी गोंधळ निस्तरू. ऊस कारखान्याच्या काट्यावर टनात मोजतात आणि साखर बाजारात क्विंटलनं विकतात. कुणी टनाचा आकडा क्विंटलचा समजला, तर दहापट घोळ होईल. इंटरनेटमध्ये हाच घोळ आठपट होतो. तारेतून वाहणारा डेटा बिटमध्ये मोजतात, साठवलेली फाइल बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा होतो एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सिनेमा उतरवताना पडद्यावर सेकंदाला फार तर साडेबारा एमबी दिसतात आणि माणूस कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. कंपनीनं फसवलं असेलही, पण या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही. त्याच हिशेबानं ५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त सात किलोबाइट.

दुसरी गाठ हजाराची. संगणकाच्या मेमरीत किलो म्हणजे बऱ्याचदा १,०२४ धरतात. तारेवरच्या वेगात मात्र किलो म्हणजे सरळ १,०००, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी.

तिसरी गाठ जुन्या मोडेमच्या खोक्यावर छापलेली असायची: बॉड. एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून आलेलं हे माप, सेकंदाला तारेवरचा संकेत किती वेळा बदलतो ते सांगतं. एका बदलात एकच बिट जात असेल तर बॉड आणि बिट सारखे. पण व्ही.३२ जातीचा मोडेम सेकंदाला २,४०० वेळा संकेत बदलायचा आणि प्रत्येक बदलात चार बिटं कोंबायचा. म्हणजे २,४०० बॉड आणि ९,६०० बिट. दोन्ही आकडे खरे, पण मापं वेगळी.

हे निस्तरलं की फोनमधला तीन एमबीचा एक फोटो घ्या. तीन एमबी म्हणजे दोन कोटी चाळीस लाख बिट. ५६ केबीपीएसवर तो उतरायला सात मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला असता, १०० एमबीपीएसवर पाव सेकंद. तेही ५६ पूर्ण मिळाले तर. प्रत्यक्षात चाळीसच्या आसपास मिळाले तरी मोडेमवाले खूश असत. शिवाय ५६ हा आकडा फक्त खाली उतरवण्याचा. फोटो वर पाठवायचा, तर व्ही.९० मोडेमची धाव ३३.६ पर्यंतच. तुमचं फायबर दोन्ही दिशांना १०० देत असेल, तर पाठवण्यातला फरक जवळजवळ तीन हजार पट होतो. मामांच्या 'किती पट'ला इथेच दोन उत्तरं झाली.

आवाजाचे आठ हजार तुकडे

आता ५६ कुठून आला ते बघू.

टेलिफोन बोलण्यासाठी बनला. माणसाचं बोलणं समजायला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून फोनच्या व्यवस्थेनं एका कॉलला थोडी मोकळीक ठेवून ४,००० हर्ट्झ एवढीच जागा दिली. तारेवरचा आवाज आकड्यांत बदलायची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानं १९३०च्या दशकाच्या अखेरीस मांडली. नियम असा, की जेवढा पट्टा त्याच्या दुप्पट वेळा मोजमाप घ्यायचं. म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक उंची आठ बिटांत लिहायची. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे ६४,००० बिट. एक फोन कॉल बरोबर ६४ केबीपीएस. हे आकडे पुढे जगभर रुजले.

ही पद्धत आपल्या गावाकडे आली ती डिजिटल एक्स्चेंजमधून. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा हे तिच्यामागचं मोठं नाव. खेड्यातली धूळ आणि उकाडा सोसणारं, वातानुकूलनाशिवाय चालणारं १२८ जोडण्यांचं छोटं एक्स्चेंज तिनं बनवलं. त्यातलं पहिलं १९८६ साली बसलं ते कित्तूरला. कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याला लागलात, तर बेळगाव मागे टाकल्यावर येतं तेच राणी चन्नम्माचं कित्तूर. अशा एक्स्चेंजमध्ये पोचलेला आवाज आठ हजार तुकड्यांत कापला जाऊन पुढे जायचा.

मोडेमची गोची इथे आहे. मोडेम म्हणजे संगणकाच्या बिटांचा आवाज करून तो फोनवर ओरडून सांगणारा डबा. एक्स्चेंजला वाटायचं की कुणीतरी बोलतंय. ते त्या किंचाळीचे इमानदारीनं आठ हजार तुकडे करायचं. म्हणजे बिटांचा आवाज झाला आणि आवाजाची पुन्हा बिटं झाली. या दुहेरी रूपांतरात मोडेम ३३.६ केबीपीएसवर येऊन अडकले. मग अभियंत्यांच्या लक्षात आलं, की इंटरनेट देणाऱ्या कंपनीची बाजू एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडली, तर एका दिशेचं एक रूपांतर टळतं. त्या दिशेनं ६४ पर्यंत जाता येईल. पण आठवं बिट भरवशाचं नव्हतं. अमेरिकेतल्या जाळ्यात फोनची व्यवस्था ते अधूनमधून स्वतःच्या कामासाठी उचलायची, वर तारेतली खरखर. म्हणून सातच बिटं धरली. आठ हजार गुणिले सात, छप्पन्न हजार. व्ही.९० नावानं हे मानक १९९८ साली ठरलं आणि मोडेमची शर्यत जवळपास तिथेच संपली. ५६ हा आकडा एका फोन कॉलच्या जागेतून आलाय.

तांब्याचा यात फारसा दोष नव्हता. २००५च्या जानेवारीत बीएसएनएलनं डेटावन ब्रॉडबँड सुरू केलं ते त्याच घरातल्या त्याच तारांवरून. फक्त आवाजाच्या पट्ट्याच्या वरची मोकळी जागा वापरली, आणि ५६ वर अडलेली तार २५६ केबीपीएस व त्याहून जास्त वाहू लागली. २००४च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ हीच किमान पात्रता ठरवली होती. ती २०१३ साली ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ साली दोन एमबीपीएस.

पुण्यातली काच

आपल्याला वाटतं आधी डायल-अप आलं आणि मग फायबर. इतिहासात क्रम उलटा आहे. लांबवर प्रकाश वाहून नेण्याइतकी स्वच्छ काच बनवता येईल हे चार्ल्स काओंनी १९६६ साली मांडलं, १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं तशी काच बनवून दाखवली आणि १९७९ साली देशातली पहिली स्थानिक ऑप्टिकल फायबर जोडणी चालू झाली ती पुण्यात, दोन टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. म्हणजे महाराष्ट्रात फायबर इंटरनेटच्या सोळा वर्षं आधी आलं, आणि आलं ते फोनवरचं बोलणं वाहायला.

म्हणूनच फायबरची जुनी मापं फोन कॉलच्या पटीत आहेत. ३२ कॉलांची जागा एकत्र बांधली की ३२ गुणिले ६४, म्हणजे २,०४८ केबीपीएस. याला ई-१ म्हणतात. त्यातल्या ३० जागा बोलण्याला, उरलेल्या दोन ताल सांभाळायला आणि कोणाचा फोन कुठे लावायचा ते सांगायला. असे ६३ ई-१ बांधले की एक एसटीएम-१, १५५.५२ एमबीपीएस. १९८८ साली हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. १५५.५२ हा आकडा विचित्र दिसतो, पण उकलून बघा. एसटीएम-१ची एक चौकट ९ ओळी आणि २७० स्तंभांची, म्हणजे २,४३० बाइटांची. अशा चौकटी सेकंदाला किती जातात? ८,०००. दोन हजार चारशे तीस गुणिले आठ बिट गुणिले आठ हजार, म्हणजे पंधरा कोटी पंचावन्न लाख वीस हजार बिट.

तोच आठ हजारांचा ताल. एका चौकटीतला एक बाइट म्हणजे एका कॉलची त्या क्षणाची उंची. डायल-अपपासून फायबरपर्यंतच्या रूपांतराचा मधला दुवा हा आहे. भागाकाराला अर्थ येतो तो दोन्हीकडे तोच फोन कॉल असल्यामुळे.

आणि मामेभाऊ जेव्हा मोडेम लावायचा, तेव्हा एक्स्चेंजच्या पुढे त्याचा कॉल बहुतेकदा काचेतूनच जायचा. त्या मोठ्या नळात त्याची जागा होती एका चौकटीतल्या एका बाइटाची.

पांढऱ्या डब्यातला जुना ताल

मामांच्या भिंतीवरचा डबा बहुतेक घरांत असतो तसा जीपॉन जातीचा. २००३ साली आलेलं हे मानक. यात मुख्य काचेतून घरांकडे वाहणारा वेग २.४८८ जीबीपीएस. नेमका सांगायचा तर २,४८८.३२ एमबीपीएस. १५५.५२ ला सोळानं गुणा, हाच आकडा येतो. या नव्या व्यवस्थेतही एक चौकट सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात जाते, आणि त्या चौकटीत ३८,८८० बाइट मावतात. जुन्या भाषेत, एकाच वेळी ३८,८८० फोन कॉल. टीव्हीशेजारचा तो डबा सिनेमे आणि रील उतरवतो, पण त्याचं हृदय अजून माणसाच्या बोलण्याच्या तालावर चालतं.

हा नळ एकट्या मामांचा नाही. काचेची एक तार ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला, तर वाट्याला सुमारे ७८ एमबीपीएस येतील, चौसष्ट असतील तर सुमारे ३९. एकाच वेळी सगळे जोर लावत नाहीत, म्हणून शंभरचा वायदा निभावतो. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आणखी एक गैरसमज. प्रकाश आहे म्हणून फायबर फास्ट, असं लोक म्हणतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तांब्यातला संकेतही साधारण त्याच पट्टीत धावतो. कोल्हापूरहून मुंबईला दोघंही दोन मिलिसेकंदांच्या आसपास पोचतील. फरक आहे तो रुंदीचा. रस्त्यावरची बैलगाडी आणि आगगाडी सारख्याच वेगानं निघाल्या, पण एकीत एक टन ऊस आणि दुसरीत हजार टन, असं काहीसं. एमबीपीएस हे माप किती माल पोचला ते सांगतं.

वारणा, १९९८

मग प्रश्न येतो, माल किती न्यायचाय?

ज्या वर्षी ५६ केबीपीएसचं मानक ठरलं त्याच वर्षी, १९९८ मध्ये, वारणेच्या खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कार्यदलाच्या पुढाकारानं. जागा निवडली वारणानगर, कारण तात्यासाहेब कोऱ्यांनी उभी केलेली सहकाराची घडी तिथे आधीपासून होती: साखर कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेजं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सलग ७० गावं. खर्च सुमारे अडीच कोटी. निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं आज्ञावली बांधली. गावात संगणक बसले, शेजारी चालवणारा मुलगा बसला, आणि गावचे संगणक वारणानगरच्या मुख्य संगणकाशी जोडले गेले.

स्वप्न मोठं होतं. शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, पिकावरच्या रोगाचा सल्ला मिळेल, सरकारी दाखले मिळतील, गावात इंटरनेट येईल. देशभर त्याची चर्चा झाली. आठ वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा तिथे गेले, तेव्हा गावचे संगणक मुख्यतः एकाच कामाला लागलेले होते: उसाचा हिशेब. कुणाचा किती ऊस गेला, खताची नोंद, पैसे किती जमा झाले.

त्या तिघांनी मग सात गावांत एक प्रयोग केला. संगणक काढून साधा मोबाइल आणला. शेतकऱ्यानं एसएमएस करायचा, उत्तर एसएमएसनं यायचं. आठ महिने तो चालला. संगणकावर होणारं सगळं काम त्या फोनवर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना तेच जास्त आवडलं. प्रयोगाचं नाव त्यांनी ठेवलं 'वारणा अनवायर्ड'.

याचा हिशेब आपल्या मापात करून बघू. एक एसएमएस म्हणजे १४० बाइट. इंग्रजीत १६० अक्षरं, देवनागरीत ७०. बिटांत १,१२०. डायल-अपच्या ५६ केबीपीएसवर त्याला लागतात दोन शतांश सेकंद. १०० एमबीपीएसवर अकरा मायक्रोसेकंद. फरक तोच, १,७८६ पट. पण दोन शतांश सेकंदात डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. शेतकऱ्याचा वेळ जात होता तो इतरत्र: गावातल्या बूथपर्यंत चालत जाण्यात, वीज यायची वाट बघण्यात, फोन लागून ती किंचाळी संपेपर्यंत थांबण्यात. एसएमएसनं नळ रुंद केला नाही. उलट एसएमएस तर मोबाइलच्या जाळ्यातल्या बोलण्याच्या वाटेलाही जात नाही, फोन जुळवायच्या निरोपांची जी चिंचोळी वाट असते, तिच्यातून जातो. पण तो शेतकऱ्याच्या खिशात पोचला.

वारणेचा प्रकल्प फसला असं याचा अर्थ लावणं मला पटत नाही. उसाचा हिशेब तारेवर चढवायला आधी तो नीट नोंदवलेला लागतो, आणि कारखान्यात तो रोजच्या रोज भरणारं कुणीतरी लागतं. ते वारणेत होतं, म्हणून १४० बाइटांत मावणारं उत्तर पाठवता आलं. आज भारतनेटमधून प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस द्यायचं ठरलंय. शंभर हा आकडा कागदावर चांगला दिसतो. पण पंचायतीच्या टोकाला नोंद भरणारा माणूस आणि खोलीला वीज नसेल, तर काचेतून सेकंदाला आठ हजार चौकटी रिकाम्याच जातील.

मामांचं उत्तर

परवा गावी गेलो तेव्हा हे सगळं मामांना सांगितलं. आठ हजारांचा ताल त्यांना आवडला. मी म्हटलं, "मामा, तुमच्या घरात आता एकाच वेळी १,५६२ माणसं फोनवर बोलतील एवढी जागा आहे." त्यांनी मामींकडे बघितलं आणि म्हणाले, "एक बोलत्या तेवढं पुरे हाय."

मग बिलाचं सांगितलं. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ सालचा ऊस नियंत्रण आदेश सांगतो.  काट्यावरचं वजन आता त्यांच्या फोनवर एसएमएसनं येतं, गाडी कारखान्यातून बाहेर पडायच्या आत. पैसे मात्र कुणीतरी सही केल्यावरच निघतात, आणि ती सही किती बिटांची असते ते कुठल्याच मानकात दिलेलं नाही.

"म्हंजे ह्या डब्याचा आन बिलाचा काय संबंध न्हाई," मामा म्हणाले.

"नाही मामा."

"बरं. मॅच तरी अडकत न्हाई आता." आणि त्यांनी रिमोट उचलला.